‘वयोमान’ हे निदान नव्हे
तातडीक सेवा विभागातील डॉक्टरांना ज्येष्ठ रुग्णांच्या शुश्रूषेचे विशेष प्रशिक्षण : एक निवेदन



देणगीतून रुग्णालयात आलेल्या उपकरणांची यादी या अहवालात दरवर्षी प्रसिद्ध होते. प्रत्येक उपकरणाशेजारी देणगीदाराच्या नावाची पाटी असते आणि येणारा-जाणारा ती वाचतो. यंदाच्या जमाखर्चात मात्र ‘वैद्यकीय प्रशिक्षण’ या सदराखाली असा एक खर्च आहे, की ज्याला पाटी लावण्याजोगी जागाच नाही. अपघात व तातडीक सेवा विभागातील, म्हणजे आपण सारे ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो त्या विभागातील, डॉक्टरांना ज्येष्ठ रुग्णांची तपासणी व शुश्रूषा यांचे स्वतंत्र प्रशिक्षण देण्यासाठी हा खर्च झाला. त्यावर एक रास्त प्रश्न विचारला गेला. जे डॉक्टर पदवी घेऊनच आले आहेत, त्यांना वृद्धांना तपासण्याचे निराळे शिक्षण कशासाठी? रोग तोच, औषध तेच. मग वयाने काय फरक पडतो?

प्रस्तुत लेख या प्रश्नाच्या उत्तरादाखल लिहिला आहे. लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्य नव्हे. तथापि हिशेब लिहिणाऱ्यास खर्चामागील कारण समजून घ्यावे लागते. ते कारण वैद्यकीय सहकाऱ्यांकडून जसे समजले, तसे सोप्या शब्दांत आपणांसमोर ठेवीत आहे.

वाढते वय, वाढती वर्दळ

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हेच प्रमाण ९.९ टक्के होते. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तज्ज्ञ गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०३६ पर्यंत देशातील ज्येष्ठांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या घरात जाईल.

संख्येबरोबर सवयही बदलली आहे. पूर्वी रात्री घरातील वृद्ध व्यक्तीला बरे वाटेनासे झाले, तर ‘सकाळी पाहू’ म्हणून घरचे लोक थांबत. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि मध्यरात्रीही रुग्ण दारात येऊ लागला. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचा लाभ सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, खुला झाला. मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस वा परदेशी आणि आई-वडील गावी, अशी कुटुंबेही आता विरळ राहिलेली नाहीत. अशा वेळी आजोबांना घेऊन येतो तो शेजारी, आणि त्याला आजोबांचा कोणता आजार जुना व कोणता नवा हे सांगता येत नाही. या साऱ्यांचा पहिला थांबा म्हणजे तातडीक सेवा विभाग होय. तेथे पहिल्या तासात जे घडते, त्यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

दोन शास्त्रांची भेट

वार्धक्याचा स्वतंत्र विचार आपल्याकडे नवा नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत ‘जरा’ हे एक अंग मानले गेले आहे. आधुनिक वैद्यकात या शाखेचे इंग्रजी नामकरण, जेरिॲट्रिक्स हा शब्द, न्यूयॉर्कचे डॉ. इग्नाट्झ नॅशर यांनी १९०९ मध्ये केले. पुढे १९३५ नंतर लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांनी, कायमचे अंथरुणास खिळलेले म्हणून बाजूस ठेवलेल्या वृद्धांची नीट तपासणी करून त्यांतील अनेकांना पुन्हा चालते केले. आपल्या देशात चेन्नई येथे १९७८ मध्ये शासकीय रुग्णालयात वृद्धांसाठी बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली आणि १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयाचा एम.डी. अभ्यासक्रम सुरू झाला.

तातडीची वैद्यकसेवा ही तिच्या मानाने धाकटी शाखा. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने तिला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली ती २००९ मध्ये. अपघात, हृदयविकाराचा झटका, विषबाधा, सर्पदंश अशा प्रसंगी क्षणाचाही विलंब न करता एकच मुख्य दोष ओळखावा व दूर करावा, ही या शाखेची शिकवण. वृद्धरोगशास्त्राची प्रकृती नेमकी उलट. तेथे एकाच रुग्णाचे चार-पाच आजार, दहा औषधे, घरची परिस्थिती हे सारे सावकाश जुळवून पाहावे लागते. घाई आणि सबुरी यांची सांगड घालणे हाच या प्रशिक्षणाचा खरा विषय आहे.

ही सांगड घालण्याचे पद्धतशीर प्रयत्न जगभरात गेल्या दोन दशकांतच झाले. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील होली क्रॉस रुग्णालयाने २००८ मध्ये ज्येष्ठांसाठी तातडीक सेवेचा स्वतंत्र कक्ष उघडला. तातडीची सेवा शिकणाऱ्या डॉक्टरांना वृद्धांविषयी किमान काय आले पाहिजे, याची २६ कौशल्यांची यादी तेथील तज्ज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्ये २०१२ साली ‘सिल्व्हर बुक’ या नावाने मार्गदर्शक पुस्तिका निघाली आणि २०१४ मध्ये अमेरिकेतील चार संघटनांनी मिळून अशा विभागांसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली.

वरील २६ कौशल्ये आठ गटांत विभागली आहेत. आजाराची वेगळी लक्षणे, पडणे व इजा, बुद्धीचे व वर्तनाचे विकार, तातडीच्या उपचारांत वयानुसार करावयाचे बदल, औषधयोजना, घर, रुग्णालय व वृद्धाश्रम यांमधील स्थलांतर, वेदना व अंतिम काळातील शुश्रूषा, आणि जुन्या आजारांचा परिणाम, असे हे गट. आपल्या प्रशिक्षणाची आखणी याच आठ गटांवर बेतलेली आहे.

रोग तोच, रूप निराळे

पन्नाशीच्या गृहस्थाला हृदयविकाराचा झटका आला, तर तो छातीवर मूठ धरून येतो. ऐंशीच्या आजींच्या छातीत मुळीच दुखत नाही असे पुष्कळदा होते. त्यांना धाप लागते, दरदरून घाम येतो, उलटी होते किंवा ‘आज अंगात त्राणच नाही’ एवढेच त्या सांगतात. मधुमेह असेल, तर वेदना आणखी बोथट झालेली असते. म्हणून छातीत दुखण्याची तक्रार नसतानाही अशा रुग्णाचा ईसीजी लगेच काढावा, हा प्रशिक्षणातील अगदी पहिला धडा आहे.

पोटाचेही तसेच. आतडे फुटले असता तरुणाचे पोट लाकडासारखे कडक होते. वृद्धाचे पोट मऊच राहू शकते, कारण पोटाचे स्नायू क्षीण झालेले असतात. कंबरेत व कुशीत कळ येते म्हणून मूतखडा समजावा, तर ती महारोहिणी फुटण्याची सुरुवात असू शकते. वृद्धाच्या मूतखड्याचे पहिलेच निदान करताना डॉक्टरने दोनदा विचार करावा, असे शिकवले जाते ते याचसाठी.

या सर्व प्रसंगांत घरचे लोक आणि कधी कधी डॉक्टरही एकच शब्द वापरून मोकळे होतात : ‘वयोमान’. वयोमानानुसार अशक्तपणा येतो, वयोमानानुसार भूक मंदावते, वयोमानानुसार तोल जातो. वयोमान खरे आहे, परंतु ते एका रात्रीत येत नाही. परवापर्यंत देवळात चालत जाणारे आजोबा आज पलंगावरून उठत नसतील, तर परवा आणि आज यांच्यामध्ये काहीतरी घडलेले असते. ते शोधून काढणे हे डॉक्टरचे काम आहे. कारण सापडले, तर उपाय करता येतो. ‘वयोमान’ एवढेच लिहिले, तर शोधच थांबतो.

आकडे फसवितात

ताप, नाडी, रक्तदाब हे आकडे सर्वांना सारखे लागू पडतात, असा सर्वसाधारण समज आहे. वृद्धांच्या बाबतीत तो टिकत नाही. वृद्धाच्या शरीरात जंतुसंसर्ग असूनही ताप चढेलच असे नाही. त्यामुळे एरवी ज्याला कणकण म्हणून सोडून द्यावे, तो १०० अंश फॅरनहाइटचा आकडाही त्यांच्या बाबतीत गांभीर्याने घ्यावा लागतो. नेहमीच्या तापमानापेक्षा दोन अंशांची वाढ झाली, तरी तो ताप समजावा असा संकेत आहे.

रक्तदाबाचे उदाहरण अधिक बोलके आहे. अपघातग्रस्त प्रौढाचा वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला, की धोका समजतात. पासष्टीपुढील रुग्णात ११० च्या खालचा आकडाही धोक्याची सूचना मानावी, असे अमेरिकेतील अपघातग्रस्तांच्या वर्गवारीच्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. ज्यांचा नेहमीचा रक्तदाब १६० असतो, त्यांच्या दृष्टीने ११० ही मोठीच घसरण होय. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढूच देत नाहीत. आत रक्तस्राव चालू असूनही नाडी शांत लागते आणि डॉक्टरही शांत राहतो.

तिसरा आकडा मूत्रपिंडाचा. येथे थोडे गणित मांडतो, कारण ते वाणिज्य शाखेच्या माणसालाही पटणारे आहे. रक्तातील क्रिएटिनिन १ आले, की अहवालावर ‘सामान्य’ असे छापून येते. परंतु कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ मध्ये एक सूत्र मांडले. १४० मधून वय वजा करावे, उरलेल्या आकड्यास किलोतील वजनाने गुणावे आणि ७२ व क्रिएटिनिन यांच्या गुणाकाराने भागावे. रुग्ण स्त्री असल्यास आलेल्या उत्तरास ०.८५ ने गुणावे. तीस वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १ असेल, तर उत्तर येते सुमारे १०७. ऐंशी वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिनही १ च असेल, तर उत्तर येते सुमारे ३२. दर मिनिटाला मूत्रपिंडे किती मिलिलिटर रक्त शुद्ध करतात, याचा हा अंदाज. अहवालावरचा आकडा एकच, पण आजींच्या मूत्रपिंडांची क्षमता त्या तरुणाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. दोघांना प्रतिजैविकाची वा वेदनाशामकाची मात्रा सारखीच दिली, तर एकाला ते औषध ठरेल आणि दुसरीला अपाय होईल.

पडणे आणि बरळणे

ज्येष्ठ रुग्णांना तातडीक विभागात आणण्याची दोन फार मोठी कारणे म्हणजे पडणे आणि बरळणे. दोन्ही कारणे ‘नुसते’ या शब्दाने सांगितली जातात. ‘नुसते न्हाणीघरात पडले’, ‘नुसते असंबद्ध बोलतात’.

पडलेल्या रुग्णाचे हाड मोडले आहे का, हे डॉक्टर पाहतोच. प्रशिक्षणानंतर तो आणखी तीन प्रश्न विचारतो. का पडले? घसरून पडले, की चक्कर येऊन, की हृदयाचा ठोका चुकून? किती वेळ जमिनीवर होते? बराच काळ एका कुशीवर पडून राहिल्यास स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडांवर ताण येतो. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? असल्यास डोक्याला साधे टेंगूळ आले असले, तरी सी.टी. स्कॅनचा विचार करावा लागतो. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो, त्यावरील शिरा ताणल्या जातात आणि लहानशा धक्क्यानेही आत रक्त साचू शकते. खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णावर शक्यतो ३६ ते ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी आणि तोवर त्याला वेदनेत ठेवू नये, हाही या शिक्षणाचा भाग आहे. मांडीच्या वरच्या भागात भूल देऊन वेदना थांबविण्याची पद्धत कॅज्युअल्टीतील डॉक्टरला शिकता येते. त्यामुळे गुंगी आणणारी इंजेक्शने कमी द्यावी लागतात.

बरळण्याचा प्रश्न याहून अवघड. अचानक आलेल्या संभ्रमावस्थेला वैद्यकात डेलिरियम म्हणतात. घरी तिला ‘म्हातारचळ’ म्हटले जाते. वास्तविक विस्मरणाचा आजार महिन्या-वर्षांनी वाढतो, तर संभ्रमावस्था तासा-दिवसांत येते, आणि तिच्यामागे बहुधा काही शारीरिक कारण असते. लघवीतील वा फुप्फुसातील संसर्ग, शरीरातील सोडियम कमी होणे, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठ, नवे औषध अशी कारणे नेहमीची. आरडाओरडा करणारा रुग्ण सर्वांच्या लक्षात येतो. जो गप्प पडून राहतो, झोपाळलेला असतो, त्याची संभ्रमावस्था सहसा निसटते; कारण तो कोणाला त्रास देत नाही.

ती ओळखण्यासाठी एडिंबरा येथे विकसित झालेली ‘फोर-ए-टी’ ही चार भागांची चाचणी शिकविली जाते. रुग्ण सावध आहे का. वय, जन्मतारीख, ठिकाण व चालू वर्ष सांगता येते का. महिन्यांची नावे उलट क्रमाने म्हणता येतात का. आणि हा बदल अचानक झाला आहे का, हे ते चार भाग. आपल्याकडे ही चाचणी थोडी जपून वापरावी लागते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून हीच तारीख आपल्याकडील अनेक ज्येष्ठांच्या कागदोपत्री जन्मतारीख असते. ज्या आजी शाळेत गेल्याच नाहीत, त्यांना ती ठाऊकच नसते. वर्षाचा हिशेब चैत्र-वैशाखाने ठेवणाऱ्या व्यक्तीला डिसेंबरपासून उलटे यावयास सांगितले, तर ती अडखळते ती आजारामुळे नव्हे. म्हणून चौथ्या भागावर, म्हणजे ‘काल-परवा या कशा होत्या?’ या घरच्यांस विचारावयाच्या प्रश्नावर, आमचे प्रशिक्षक विशेष भर देतात.

औषधांची पिशवी

ज्येष्ठांच्या कित्येक तातडीच्या प्रसंगांमागे औषधेच असतात. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली, हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली, दुकानातून परस्पर आणलेली आणि शेजाऱ्याने गुण येतो म्हणून सुचविलेली, अशी सर्व औषधे एका पोटात जातात. त्यांचा एकत्रित विचार करणारा कोणी नसतो. मधुमेहाच्या ग्लिबेनक्लामाइडसारख्या काही गोळ्यांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. अशा गोळीने रक्तातील साखर उतरून बेशुद्ध झालेला रुग्ण ग्लुकोज देताच बोलू लागतो. घरचे त्याला नेण्याची घाई करतात. परंतु साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून अशा रुग्णास निगराणीखाली ठेवणे आवश्यक असते.

वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी अमेरिकेतील डॉ. मार्क बियर्स यांनी १९९१ मध्ये तयार केली; ती वेळोवेळी सुधारली जाते व अलीकडची आवृत्ती २०२३ ची आहे. झोपेच्या काही गोळ्या आणि खाज-सर्दीवरील जुन्या प्रकारची, गुंगी आणणारी औषधे तिच्यात आहेत. रुग्ण रात्री अस्वस्थ झाला, की झोपेचे इंजेक्शन देण्याचा मोह होतो. त्याने संभ्रमावस्था बहुधा वाढतेच. त्याऐवजी चष्मा व श्रवणयंत्र परत देणे, पाणी पाजणे, लघवी तुंबली नाही ना हे पाहणे, ओळखीचे माणूस शेजारी बसविणे हे उपाय आधी करावेत, असा दंडक घालून दिला आहे.

रुग्णाची इच्छा

तातडीच्या प्रसंगी डॉक्टर नातलगांशी बोलतो आणि ट्रॉलीवरील वृद्ध व्यक्ती ऐकत राहते. ती बोलण्याच्या स्थितीत असेल, तर आधी तिच्याशी बोलावे, काही वेळ एकटीशी बोलावे, हेही शिकवावे लागते. एकांतात कधी उपासमारीची, कधी मारहाणीची हकिकत बाहेर येते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठीचा कायदा २००७ पासून आहे आणि १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. या दोहोंची माहिती डॉक्टरला असली पाहिजे.

आजार अखेरच्या टप्प्यावर असेल, तर कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे की नाही, हा प्रश्न मध्यरात्री कुटुंबासमोर उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा प्रसंगासाठी आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सुलभ केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून साक्षांकित करून घेता येते. हे बोलणे धीराने व स्पष्टपणे कसे करावे, याचा सराव डॉक्टरांना दिला जातो.

प्रशिक्षण कसे चालते

आपल्या रुग्णालयात या वर्षी आठवड्यातून एक तास या विषयासाठी राखून ठेवला. फिजिशियन, अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट व ज्येष्ठ परिचारिका आळीपाळीने शिकवितात. व्याख्यान थोडे आणि प्रत्यक्ष सराव अधिक, अशी पद्धत आहे. एका तासाला डॉक्टरांना धूसर काचांचा चष्मा, कानांत कापूस व गुडघ्यांना पट्टे बांधून केसपेपरचा फॉर्म भरावयास आणि प्रसाधनगृहापर्यंत चालत जावयास सांगितले. दुसऱ्या तासाला त्यांना ट्रॉलीवर उताणे निजविले; छतावरील दिवा डोळ्यांवर, उशी नाही आणि कोणी काही सांगत नाही. वृद्ध रुग्ण ‘सहकार्य का करीत नाहीत’ हे त्यानंतर निराळे सांगावे लागले नाही.

सरावातून काही कायमच्या पद्धती निर्माण झाल्या. माँट्रिअल येथे १९९९ मध्ये तयार झालेली सहा प्रश्नांची पाहणी आता परिचारिका मराठीतून करतात. तीवरून कोणत्या ज्येष्ठाला घरी गेल्यावर अधिक धोका आहे, याचा अंदाज येतो. घरी सोडण्यापूर्वी प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाला खुर्चीतून उठवून चार पावले चालवून पाहिले जाते. आला तेव्हा चालत होता आणि जाताना उभा राहू शकत नाही, अशा रुग्णाला घरी पाठविले जात नाही. सोडताना औषधांची यादी मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून दिली जाते आणि दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवरून विचारपूस केली जाते.

हिशेबाची बाजू

आता हिशेबाविषयी. उपकरण घेतले, तर ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते आणि दरवर्षी त्यावर घसारा आकारला जातो. प्रशिक्षणाचा खर्च त्याच वर्षी खर्ची पडतो. वर्षअखेर ताळेबंदात त्याचा मागमूस राहत नाही. त्यात आणखी अडचण अशी, की कॅज्युअल्टीतील निवासी डॉक्टर तरुण असतात. वर्ष-दोन वर्षांत पदव्युत्तर शिक्षणासाठी किंवा अन्यत्र नोकरीसाठी ते निघून जातात. आपण शिकवावे आणि लाभ दुसऱ्या रुग्णालयास व्हावा, हा कोणता व्यवहार, असा आक्षेप विश्वस्त मंडळाच्या सभेत घेतला गेला. शिवाय प्रशिक्षणाच्या तासाला डॉक्टर कामावरून काढून घ्यावे लागतात आणि एका आजींना अधिक वेळ दिला, तर बाकावरील इतरांना अधिक थांबावे लागते, हेही खरे.

या आक्षेपास उत्तर देताना पहिली गोष्ट अशी, की डॉक्टर गेले तरी परिचारिका, वॉर्डातील मावशी व मामा, छापील फॉर्म आणि एकदा अंगवळणी पडलेली पद्धत ही येथेच राहते. नवा डॉक्टर तीच पद्धत उचलतो. दुसरी गोष्ट खाटांची. संभ्रमावस्था, अंथरुणातील जखमा आणि चुकीच्या मात्रेचे दुष्परिणाम यांमुळे मुक्काम लांबतो. धर्मादाय रुग्णालयास दहा टक्के खाटा निर्धनांसाठी व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवावयाच्या असतात. एका रुग्णाचा टाळता येण्याजोगा मुक्काम टळला, तर ती खाट दुसऱ्या गरजूस मिळते.

तिसरी गोष्ट विश्वस्त निधीच्या हेतूविषयी आहे. आपल्या घटनेत ‘रुग्णांची सेवा’ असे म्हटले आहे. ‘आपल्या इमारतीत आलेल्या रुग्णांची’ असे म्हटलेले नाही. येथे शिकलेला डॉक्टर उद्या एखाद्या तालुक्याच्या गावी रात्रपाळीस बसेल. तेथे छातीत न दुखता धाप लागलेल्या आजींचा ईसीजी त्याने वेळेवर काढला, तर तो खर्च वाया गेला असे कोणता हिशेबनीस म्हणेल? ज्यांची मुले दूरगावी आहेत त्या ज्येष्ठांप्रमाणेच, ज्यांचे आई-वडील दूरगावी आहेत असे देणगीदारही या अहवालाचे वाचक आहेत. त्यांच्या आई-वडिलांना तपासणारा डॉक्टर दुसऱ्या कोणीतरी शिकविलेला असणार.

एका वर्षाच्या अनुभवावर मोठे दावे करणे योग्य होणार नाही. पूर्णवेळ वृद्धरोगतज्ज्ञ आपल्याकडे नाही. एवढे मात्र सांगता येईल, की केसपेपरवर ‘वयोमान’ हा शब्द आता निदानाच्या रकान्यात लिहिला जात नाही.

आप्तजनांस विनंती

ज्येष्ठांना तातडीने रुग्णालयात आणताना पुढील गोष्टी कराव्यात, ही विनंती. चालू असलेल्या सर्व औषधांची पिशवी, काढे-चूर्णे धरून, जशीच्या तशी आणावी. चष्मा, श्रवणयंत्र व कवळी घरी ठेवू नये. आठवड्यापूर्वी ते काय काय स्वतः करीत होते आणि आज काय करू शकत नाहीत, हे डॉक्टरांना आधी सांगावे. जुने ईसीजी व तपासण्यांचे कागद बरोबर असावेत. रात्री त्यांच्याजवळ ओळखीचे एक माणूस थांबावे. आणि शेवटच्या आजारात त्यांना काय हवे, काय नको, हे ते धडधाकट असताना एकदा शांतपणे विचारून ठेवावे.

देणगीदारांस एवढेच निवेदन, की पुढील वर्षी ‘वैद्यकीय प्रशिक्षण’ या सदरासाठी स्वतंत्र निधी उभारण्याचे योजिले आहे. या निधीस पाटी नाही, हे आरंभीच सांगितले आहे. त्याचा जमाखर्च मात्र अन्य निधींप्रमाणेच लेखापरीक्षित होऊन या अहवालात दरवर्षी मांडला जाईल.  या नव्या कामासही आपले साहाय्य लाभावे, ही नम्र विनंती.